चौकटीवरची रेघ

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि तोही हिंदी माध्यमातून. मराठी मला आईकडून मिळाली, म्हणजे कानांनी मिळाली; लिहायला बसलो की ऱ्हस्व-दीर्घापाशी हात अडतो. त्यात ज्या गोष्टीबद्दल लिहायचं ती म्हणजे समुद्रातलं मोठं जहाज, आणि ते मी पाहिलेलं नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्या काकूंनीही ते पाहिलेलं नव्हतं. तरी लिहितो आहे. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी ओळखीतल्या एका माणसावर काहीतरी लिहून दे असं मला सांगितलं, तेव्हा डोळ्यांपुढे पहिल्यांदा माणूस आलाच नाही. एक खुर्ची आली.

ती खुर्ची काकू ओढायच्या. रायपुरात, पंडरीच्या कापड बाजारात एका ठोक दुकानाच्या वर, अरुंद जिना चढून गेलं की आमचं ट्रॅव्हलचं ऑफिस. एखादं कुटुंब वर आलं की वडील सवयीनं टेबलासमोरच्या खुर्चीकडे वळायचे. तेवढ्यात काकू ती खुर्ची पुढे ओढून घ्यायच्या, घरातलं जे सगळ्यात लहान पण बोलतं असेल त्या लेकराला तिच्यावर बसवायच्या, आणि वडिलांना भिंतीजवळचा बाक दाखवायच्या.

"आप पीछे बैठिए भैया. जहाज पे घूमना इसको है, आपको तो बस ले जाना है."

वडील हसत किंवा न हसत बाकावर जायचे. मग काकू माझ्याकडे वळून हळूच म्हणायच्या, "पोट्ट्याले पुढं बसवायचं बाबू. मोठ्या मानसाले काय पायजे ते त्याले सोताले मालूम नसते."

तुम्ही पंडरीत कापड घ्यायला गेला असाल तर कदाचित त्यांना जिन्यात पाहिलंही असेल. पंचावन्नच्या आसपास वय, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हातात डबा. सासर-माहेर दोन्ही विदर्भातलं, नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर त्या इथे तिकिटांच्या कामाला लागल्या. आधी बसची तिकिटं, मग रेल्वेची, मग विमानाची. जहाजाच्या सहली सुरू झाल्या तेव्हा ऑफिसात तो विषय कोणालाच नको होता, म्हणून मालकांनी तो काकूंच्या टेबलावर ठेवला. सगळं रायपूर त्यांना दीदी नाहीतर आंटी म्हणायचं. मी मराठी निघालो म्हणून त्या माझ्या काकू झाल्या.

मी शहराच्या कडेच्या बीरगांवहून यायचो. सकाळी कॉलेज, दुपारी ऑफिस. काम सोपं होतं: पासपोर्टावरचं नाव जसंच्या तसं कॉम्प्युटरवर भरायचं. पहिल्या आठवड्यात मला एकच प्रश्न छळत होता आणि तो विचारायची लाज वाटत होती. शेवटी विचारला.

"काकू, जहाजावर पोरं करतात तरी काय? चारी बाजूंनी पाणीच ना?"

काकू खाली वाकल्या. खणातून एक दोनशेपानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. मुलांच्या वह्यांवर असतं तसं लेबल होतं. नावाची जागा कोरी. विषयाच्या जागी लिहिलेलं: जहाज.

"मी गेली नाई," त्या म्हणाल्या. "जे गेले त्याईले इचारून ठेवते. वाच."

ती त्यांची स्वतःची रीत होती. सहल करून कुटुंब परत आलं की त्या फोन करायच्या आणि लेकराला बोलवायच्या. त्याला त्या 'हजेरी' म्हणायच्या. आईवडिलांचं सांगणं वहीत जात नसे. वडील जेवणाचं सांगत, आई खोलीचं सांगे, काकू मान हलवत ऐकून घेत. मग खुर्चीवरच्या लेकराकडे वळून पेन उघडत.

छापील कागदावर 'बच्चों के लिए अनेक आकर्षण' एवढंच असायचं. वहीत मात्र असं होतं:

'आइसक्रीमचं मशीन आहे. दांडा आपणच ओढायचा. बस झालं असं कोणी म्हणत नाही. चौथ्या वेळी पोट दुखलं. पाचव्या वेळी मशीनपर्यंत गेला आणि नुसता पाहून आला.'

'रोज खोलीत पलंगावर टॉवेलचा प्राणी करून ठेवतात. हत्ती, मग माकड. बहिणीनं माकड मोडू दिलं नाही. दोन दिवस सगळ्यांनी एकाच टॉवेलनं अंग पुसलं.'

'लिफ्टमध्ये पायाखालच्या गालिच्यावर त्या दिवसाचं नाव असतं. रोज बदलतात. कोण बदलतं ते पाहायला सकाळी लवकर उठला. गालिचा आधीच बदललेला. परत गेलो की सापडवीन म्हणतो.'

'मुलांचा हॉल वेगळा. मोठ्यांना आत येऊ देत नाहीत, दारातच सही करून सोडून जायचं. चेहऱ्याला रंग लावून वाघ केला. आईनं ओळखलं नाही असं दाखवलं. आई नाटक करते आहे हे कळलं होतं, पण तिला सांगितलं नाही.'

'पहिल्याच दिवशी सगळ्या लोकांना गोळा करून, जहाज बुडायला लागलं तर काय करायचं ते शिकवतात. नारिंगी जाकीट, त्याला शिटी. शिटी वाजवायची नसते. वाजवली.'

आणि एका आठ वर्षांच्या मुलीच्या पानावर, सगळ्यात आवडलं काय या प्रश्नापुढे, एवढंच: 'मम्मी दिनभर बैठी थी.' त्याखाली काकूंनी दोन रेघा ओढल्या होत्या.

मी ती वही दोन दुपारी बसून वाचली. कॉलेजचं पुस्तकही मी इतकं मन लावून वाचलं नसेल. आमच्या बीरगांवात मोठी मजा म्हणजे जत्रेतला आकाशपाळणा. पण वहीतली पोरं मला परकी वाटली नाहीत. लिफ्टचं बटण दाबायला भांडणारी, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फोन लावून 'कौन बोल रहा है' विचारणारी, लांबच लांब गल्लीतून धावताना जहाज डुललं की भिंतीला आपटून हसणारी. मला वाटतं, तुम्हीही वाचली असती तर तुम्हाला त्यांत आपल्या घरचं एखादं सापडलं असतं.

आता रेघेकडे येतो.

मी यायच्या आधीची गोष्ट, काकूंनीच सांगितलेली. त्या जहाजावर एक मोठी घसरगुंडी आहे, चार मजले उंच. पारदर्शक नळीतून पाण्याबरोबर खाली यायचं. आणि मध्ये एका ठिकाणी ती नळी जहाजाच्या कठड्याबाहेर जाते, खाली सरळ समुद्र, आणि वळून परत आत येते. मुलं तिचे व्हिडिओ आधीच पाहून आलेली असतात. तर एका मुलाला काकूंनी चित्र दाखवून सांगितलं, हव, तू यावरून जाशील. तिथे गेल्यावर कळलं की एकशेवीस सेंटिमीटर उंची लागते. पोरगा कमी पडला. ओली चड्डी घालून अर्धा तास रांगेत उभा होता, सगळ्यांसमोर त्याला बाजूला काढलं.

"परत आला, हजेरीले बसला," काकू सांगत होत्या. "म्या इचारलं, कैसा लगा बेटा? त माह्याकडे पायलं आन् म्हने, आपने बोला था. बस. तीनच शबद. त्याच्या बापानं मले शिव्या देल्या असत्या त चाललं असतं बाबू."

त्याच दिवशी त्यांनी ऑफिसच्या दाराच्या चौकटीवर एकशेवीसची रेघ ओढून घेतली. टेप नव्हता. खालच्या ठोक दुकानाचे सेठ कापड मोजायची लोखंडी मीटरपट्टी घेऊन स्वतः वर आले आणि त्यांनीच मोजून खूण केली. चाळीस वर्षं कापड मोजलेला हात. त्यावर कोण शंका घेणार?

तेव्हापासून काकूंचं एक वाक्य ठरलेलं झालं. लेकरू घसरगुंडीचं नाव काढायचं, काकू डोळे मिटून मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "हव. पर हाइट?" मग चपला-बूट काढून, टाचा चौकटीला लावून, केस चापून उंची बघायची. रेघेला लागलं तर काकू टाळी द्यायच्या. नाही लागलं तर स्पष्ट सांगायच्या, आणि वहीच्या मागच्या पानावर त्याचं नाव लिहून ठेवायच्या. त्या पानाचं शीर्षक होतं 'पुढच्या वर्षी'. एकदा मी म्हटलं, काकू, थोडंसंच कमी आहे, जाऊ द्या की म्हणून. त्या म्हणाल्या, "मी जाऊ देईन रे. थो तिथं उभा असलेला मानूस नाई जाऊ देनार. खोटी आस घेऊन कोनतं लेकरू माह्या दारातून नाई जानार."

कुहू त्याच सेठांची नात. वय सात, पुढचे दोन दात पडलेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचे आईवडील तिला सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावर नेणार होते. चार दिवसांची सहल. ती खुर्चीवर बसली तीच मुळी घसरगुंडीचं बोलत.

"आंटी, वो वाली. जो बाहर जाती है. मैं उसमें आँख खोलके जाऊँगी. भैया लोग आँख बंद कर लेते हैं."

"हव. पर हाइट?"

काकूंची नजर अधू होत चालली होती, म्हणून त्या दिवशी रेघ पाहायचं काम माझ्याकडे होतं. कुहूनं श्वास आत घेऊन मान ताणली. मी तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली. रेघेखाली जागा उरली. एका बोटाची.

"एक बोट कमी, काकू."

"नीट पाय."

नीट पाहिलं. तेवढीच.

कुहू रडली नाही. तिनं पुन्हा टाचा लावल्या, पुन्हा मान ताणली. तिसऱ्यांदाही. मग वळून रेघेकडे असं पाहिलं, जशी ती रेघ काही बोलणार होती. काकूंनी तिला जवळ घेऊन खुर्चीवर बसवलं, आणि सगळ्या वहीतली मजा तिला सांगितली: आइसक्रीम, टॉवेलचं माकड, लिफ्टमधला गालिचा. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष दाराकडे होतं.

"अब मुझसे वादा कर," काकू शेवटी म्हणाल्या. "उस फिसलपट्टी की लाइन में खड़ी नहीं होगी. सबके सामने बाजू करते हैं बेटा, अच्छा नहीं लगता."

"और उधर जाके मैं लंबी हो गई तो?"

"चार दिन में कोई लंबा नहीं होता."

"आपको कैसे पता? आप तो गई नहीं."

तिच्याबरोबर वर आलेले सेठ बाकावर बसून खो-खो हसले. काकूही हसल्या. "ये बराबर बोली. मैं नहीं गई. मुझे जो मालूम नहीं रहता, मैं पूछती हूँ. तू भी पूछना. आके मुझे सब बताना."

कुहूनं काकूंच्या हातावर हात ठेवून वचन दिलं.

ते लोक गेले. त्यांचं जहाज सुटलं त्याच दुपारी आमच्याकडे जहाजाच्या कंपनीचा नवा कागद आला. लहान मुलांसाठी एक छोटी घसरगुंडी होती, तिला एकशेपाच सेंटिमीटर पुरत होते. काकू म्हणाल्या, हेही चौकटीवर ओढून ठेव. माझे बाबा उरल्याच्या कारखान्यात फिटर आहेत. त्यांचा स्टीलचा टेप मी दुसऱ्या दिवशी मागून आणला. एकशेपाचची खूण केली. टेप वर तसाच ओढलेला होता, म्हणून सहज पुढे नजर गेली. टेपवरचा एकशेवीसचा आकडा रेघेखाली होता.

मी टेप सोडला, पुन्हा लावला. खालच्या फरशीला नीट टेकवला. पुन्हा तेच. रेघ वर होती. जवळजवळ दोन सेंटिमीटर. एका बोटापेक्षा जास्त.

खरं सांगतो, ते कोणाला सांगू नये असं मला वाटलं. टेप गुंडाळून पिशवीत ठेवला. मग पुन्हा काढला. काकू डबा धुऊन आल्या, तेव्हा मी अजून दारातच उभा होतो.

"काहून उभा राह्यला बे असा?"

मी टेप लावून दाखवला. त्यांनी चष्मा चढवला. टेपच्या आकड्यावर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुह्या बाबाचा टेप चुकत असन."

"ते त्यानंच मोजून लोखंड कापतात, काकू."

आम्ही दोघं खाली गेलो. सेठ गादीवर बसले होते. काकूंनी त्यांना काही सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या, सेठजी, एक मीटर बीस नापके दिखाइए. सेठांनी ठाणातून कापड ओढलं. पट्टीचं एक टोक लावलं, मीटर संपला तिथे अंगठा ठेवला, आणि पट्टी उचलून अंगठ्याच्या पलीकडून पुढचं मोजलं. वीस.

ते पाहिलं आणि मला समजलं. काकूंनाही समजलं. अंगठ्याखालचं कापड मोजण्यात येतच नाही. ते गिऱ्हाइकाला वरून जातं. पंडरीतले जुने दुकानदार असंच मोजतात. त्यात लबाडी नाही, उलट देणंच आहे. चौकटीवरही सेठांच्या हातानं तेच केलं होतं. एक मीटर, अंगठा, मग पुढचे वीस.

सेठांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. पट्टी खाली ठेवली.

"चालीस साल से देता आया हूँ," ते म्हणाले. "आज तक कोई नहीं बोला कि कम दिया." मग अंगठा चोळत, "और पोती का ले लिया."

त्यांनी लगेच मुलाला फोन लावला. लागला नाही, जहाज समुद्रात. मग मी त्यांच्या फोनवरून निरोप लिहिला: कुहूची उंची पुरेशी आहे, तिला मोठ्या घसरगुंडीच्या रांगेत उभी राहू द्या. एक बरोबरची खूण आली. दुसरी आली नाही. काकू दुकानातच बसून राहिल्या. दर थोड्या वेळानं विचारायच्या, "गेला का?" सेठ फोन वर करून दाखवायचे. चौथ्या दिवशी, ते लोक जहाजावरून उतरल्यावर, निरोप पोचला.

मुलाचं उत्तर आलं की बच्चे तो दिनभर इधर-उधर घूमते थे, पता नहीं. सेठांनी कुहूला फोनवर विचारलं. ती म्हणाली मजा आया. फिसलपट्टी का? गप्प. तिथूनच ते तिच्या आजोळी जबलपूरला गेले.

"नाई गेली थे," काकू म्हणाल्या. "वादा घेतला न म्या."

पुढच्या आठ-दहा दिवसांत मी काकूंना जसं पाहिलं तसं आधी पाहिलं नव्हतं. त्यांनी वहीचं मागचं पान काढलं. 'पुढच्या वर्षी'खाली जी नावं होती, त्यांत ज्यांच्यापुढे एक बोट, अर्धं बोट असं लिहिलं होतं ती निवडली. चार निघाली. बाबांचा टेप पर्समध्ये घालून त्या ऑटोनं एकेका घरी गेल्या. रविवारी मलाही नेलं.

एका घरी तो मुलगा मिसरूड फुटलेला बाप्या झाला होता. दारात आमच्यापेक्षा उंच उभा. काकूंनी त्याला सगळं समजावून सांगितलं, की त्या वर्षी तू कमी नव्हतास, माझी रेघ चुकली होती. तो ऐकत राहिला, मग अगदी अदबीनं म्हणाला, "कौन सी फिसलपट्टी, आंटी?"

मला हसू आलं. काकूंनाही आलं. त्यांनी त्याच्या आईच्या हातचा चहा घेतला.

दुसऱ्या घरी भनपुरीच्या बाजूला एक मुलगी होती, बारावीची. तिला आठवत होतं. "मैं मोटे तले वाले जूते पहनके आई थी," ती म्हणाली, "आपने उतरवा दिए." आणि खूप हसली. मग म्हणाली, "फिर जाना ही नहीं हुआ." काकूंनी पर्समधून टेप काढला होता. तो त्यांनी तसाच परत ठेवला.

येताना ऑटोत त्या एवढंच म्हणाल्या, "लेकराइले सांगतो का आपन, पाय बाप्पा, माहं चुकलं? नाई सांगत." थोड्या वेळानं पुन्हा, "कुहू येते न जबलपूरहून, तिले सांगीन."

पण कुहू यायच्या आधीच गोंदियाहून फोन आला. काकूंच्या मुलीचं बाळंतपण दोन आठवडे आधी झालं होतं. दोन महिन्यांसाठी म्हणून त्या सकाळच्या गाडीनं गेल्या. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी हलताना त्यांनी खिडकीतून वही माझ्या हातात दिली.

"कुहूची हजेरी घेजो बाबू. जे म्हनन थे लिहिजो. रागावली त तेही लिहिजो."

दोन महिन्यांचे तीन झाले, तीनाचे पाच. बाळाला आजीची सवय झाली. ऑफिसात काकूंच्या खुर्चीवर नवीन दीदी आल्या. त्या चांगल्या आहेत. त्या वडिलांना पुढे बसवतात.

मी चौकटीवर टेप लावून खरी रेघ ओढली, आणि जुनीवर पेन्सिलीनं काट मारली. एवढंच केलं. कुहूची हजेरी घेतली नाही. शाळा सुरू झाल्यावर ती एकदा खाली दुकानात दिसली, घडी घातलेल्या ठाणांवर बसून पाय हलवत होती. आमची नजरानजर झाली. तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं, रागावली आहे. आणि मीही जिन्याकडे वळलो. तिच्या डोक्यावर पट्टी धरणारा मीच होतो ना. 'एक बोट कमी' हे माझेच शब्द होते. ती 'आपने बोला था' म्हणाली असती तर मी काय लिहिणार होतो?

काकू दर दुसऱ्या रविवारी फोन करायच्या. बाळाचं सांगायच्या, माझ्या परीक्षेचं विचारायच्या. शेवटी हळूच, "कुहू?"

"नाही काकू, अजून."

"बरं."

त्या बरं म्हणायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारायच्या.

दिवाळीच्या खरेदीचे दिवस होते. खाली बाजारात पाय ठेवायला जागा नाही, वर ऑफिसात मी एकटा. जिन्यात छोट्या पावलांचा आवाज आला. नवे बूट होते, चांगले वाजत होते. कुहू दारात येऊन थांबली. पुढचे दात आले होते. ती आत आली नाही. चौकटीकडे पाहत राहिली.

"ये दूसरी लाइन किसने बनाई?"

"मैंने," मी म्हणालो. "वो ऊपर वाली गलत थी."

"आंटी को पता है?"

"हाँ. तुम्हारे जाने के बाद पता चला. उन्होंने ही सबको बताया."

तिनं मोठा श्वास सोडला. मला आधी कळलं नाही तो कशाचा होता. मग ती सरळ चालत आली आणि टेबलासमोरच्या खुर्चीवर चढून बसली.

"फिर बता दूँ? मैंने तो वादा तोड़ दिया था. और फिर लगा कि आंटी को बोलूँगी तो उनको बुरा लगेगा, कि उनकी लाइन गलत है. इसलिए नहीं आई."

मी खणातून वही काढली. कोरं पान काढून पेन उघडलं. ती सांगत गेली. दोन दिवस ती घसरगुंडीपासून लांब बसून नुसती माणसं पडताना पाहत होती. उतरायच्या आदल्या दिवशी गेली. रांगेत नाही, बाजूनं. तिथे लाकडाचा एक मोठा पेंग्विन होता, पंख पसरलेला. पंखाला डोकं लागलं तर आत सोडत. तिथल्या दीदीनं तिला त्याच्याखाली उभं केलं.

"मेरे बाल लगे," कुहू म्हणाली. "मैंने साँस भी नहीं खींची थी."

"फिर?"

"फिर सात बार."

मी तिच्यासमोरच गोंदियाला फोन लावला. पलीकडे बाळ रडत होतं. मी म्हणालो, "काकू, कुहू आली. ती गेली होती घसरगुंडीवर. सात वेळा."

पलीकडे बाळाचं रडणं लांब गेलं.

"सात?" काकू म्हणाल्या. "मोजले कोनं?"

"तिनंच."

"मंग बरोबर. पोरीले दे."

मी फोन कुहूला दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. काकू काय विचारत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं, फक्त कुहूची उत्तरं येत होती, आणि मी ती एकाखाली एक लिहीत गेलो.

"हाँ... ठंडा. बहुत... नहीं, पहली बार आँख बंद हो गई. दूसरी बार खुली थी... दिखा. नीचे. नीला नहीं, काला था... हाँ, आइसक्रीम भी... नहीं आंटी, लाइन में पहले खड़ी नहीं हुई. पहले उस दीदी से पूछा, मैं कितनी कम हूँ... आपने बोला था ना, जो मालूम नहीं रहता वो पूछना. आपने बोला था."